टवक्याच्या तळाशी

गाडीच्या दारावर चावीने किंवा पिशवीच्या कडीने उठलेला एखादा पांढुरका ओरखडा शोधा. बोट पाण्यात बुडवून त्यावरून फिरवा. पुष्कळदा तो ओरखडा डोळ्यांदेखत नाहीसा होतो. थोड्या वेळाने पाणी वाळतं आणि तो होता तसा परत उमटतो. रंग तर जागच्या जागी आहे, मग ते पांढरं काय दिसत होतं?

पांढरं असं तिथे काहीच नव्हतं. गाडीच्या रंगावर सगळ्यात वर एक पारदर्शक थर असतो, त्याला क्लिअर कोट म्हणतात. रोजचे बहुतेक ओरखडे त्या थरातच अडलेले असतात. ओरखड्याच्या खडबडीत भिंतींवर आपटून प्रकाश चहूकडे विखुरतो आणि तो विखुरलेला प्रकाश आपल्याला पांढरा दिसतो. क्लिअर कोटचा अपवर्तनांक साधारण १.५ आहे, हवेचा १ आणि पाण्याचा १.३३. ओरखड्यातली हवा जाऊन तिथे पाणी आलं की दोन माध्यमांमधली तफावत एकदम कमी होते, प्रकाश फारसा न भरकटता खालच्या रंगापर्यंत पोहोचतो आणि ओरखडा दिसेनासा होतो. इतकं सुंदर निदान फुकट मिळतं, याचं मला फार अप्रूप वाटतं. ओल्या बोटाने ओरखडा गेला आणि नखही त्यात अडकलं नाही, तर काम रबिंग कंपाऊंडचं आहे. नख अडकलं, पाण्यानेही फरक पडला नाही, तर घाव खोल गेलाय.

कंपाऊंड ओरखडा भरतं असा समज आहे, तो चुकीचा. त्यातले बारीक कण ओरखड्याच्या आजूबाजूचा थर घासून त्याच्या तळाच्या पातळीला आणतात. म्हणजे आपण दरवेळी थोडा क्लिअर कोट खर्च करत असतो. तो असतो सगळा मिळून ४०-५० मायक्रॉन. उन्हातले अतिनील किरण शोषून घेणारी द्रव्यंही त्यातच मिसळलेली असतात. म्हणून दर सणाला गाडी चकाचक दिसावी म्हणून घासून घेणं मला पटत नाही.

आता त्या खोल घावाकडे वळू. घाटात पुढच्या डंपरच्या चाकाखालून उडालेली खडी बॉनेटच्या कडेवर लागते आणि मसुराच्या दाण्याएवढा टवका उडतो. त्या टवक्यात भिंग घेऊन पाहा. कडेला एकाखाली एक थर उघडे पडलेले दिसतात: वर क्लिअर कोट, त्याखाली रंगाचा बेस कोट, मग करडा किंवा पांढुरका प्राइमर, त्याखाली आणखी एक गडद पातळ थर आणि तळाशी चकाकणारा पत्रा. या साऱ्यांची मिळून जाडी १०० ते १५० मायक्रॉन, म्हणजे माणसाचे दोन केस एकावर एक ठेवले तर होईल तेवढी. ऊन, पाऊस, चिखल आणि दगड यांच्याशी वर्षानुवर्षं झुंजणारी गाडीची सगळी संरक्षणव्यवस्था एवढ्यातच मावलेली असते.

त्यातही माझा सगळ्यात लाडका थर तळचा, तो गडद रंगाचा. चाकणसारख्या ठिकाणच्या कारखान्यांत गाडीचा उघडा सांगाडा आधी धुऊन, फॉस्फेटच्या द्रावणातून काढून, मग पाण्यात मिसळलेल्या रंगाच्या अजस्र टाकीत अख्खा बुडवतात आणि त्यातून दोन-तीनशे व्होल्टचा एकदिश प्रवाह सोडतात. रंगाचे धनप्रभारित कण पत्र्याकडे ओढले जाऊन त्याला चिकटतात. खरी गंमत पुढे आहे. जिथे रंग बसतो तिथला विद्युतरोध वाढतो, त्यामुळे प्रवाह आपोआप जिथे अजून रंग नाही तिथे वळतो. दाराच्या पोकळीत, खांबांच्या आतल्या बाजूला, जिथे कुठलाही ब्रश किंवा फवारा पोहोचणार नाही अशा सांदीकोपऱ्यांतही सुमारे २० मायक्रॉनचा जवळपास एकसारखा थर चढतो. कोपरा राहिलाय का हे कुणाला पाहावं लागत नाही, वीजच तो शोधून काढते. नंतर १७०-१८० अंश सेल्सिअसच्या भट्टीत तो थर भाजून पक्का करतात.

खडीने हा थर फोडला की पत्र्याला हवा, पाणी आणि मीठ भेटतात. पुढे काय होतं, हे केंब्रिजच्या युलिक इव्हान्स यांनी १९२०च्या दशकात एका थेंबावर दाखवलं. पोलादाच्या पत्र्यावर मिठाच्या पाण्याचा थेंब, त्यात दोन सूचक द्रव्यं. थेंबाच्या कडेला, जिथे हवेतला ऑक्सिजन सहज पोहोचतो, तिथे अल्कली तयार होऊन गुलाबी रंग येतो. मध्यभागी ऑक्सिजन कमी, तिथे लोह विरघळून निळा रंग उमटतो. एका थेंबात पूर्ण विद्युतघट! टवक्यातही हाच खेळ चालतो. रंगाच्या कडेखाली तयार होणारी अल्कली रंगाची पत्र्यावरची पकड सोडवत जाते आणि मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापणारा गंज फुगून रंगाचा पोपडा वर उचलतो. आधुनिक पत्र्यावर जस्ताचा मुलामा असेल तर जस्त आधी स्वतः झिजून लोखंडाला काही काळ वाचवतं. मीठ या घटातला प्रवाह वाढवतं, म्हणून कोकण किनाऱ्यावरच्या गाडीला टवका परवडत नाही. बंपरवरच्या टवक्याची मात्र घाई नको. बंपर प्लॅस्टिकचा, तो गंजतच नाही.

मग घरी करायचं काय? कारखान्याने केलेलं सगळं त्याच क्रमाने, थेंबभर. जागा साबणाने धुऊन, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून मेण आणि तेलकटपणा काढायचा. लाल ठिपका दिसला तर आगकाडीच्या टोकाला सँडपेपरचा तुकडा गुंडाळून चमकणारा पत्रा दिसेपर्यंत खरवडायचं. गंजावर रंग लावणं म्हणजे गंजाला आडोसा देणं. मग उघड्या पत्र्यावर प्राइमरचा ठिपका आणि तो वाळल्यावर टच-अपचा रंग. त्याचा संकेतांक चालकाच्या दाराच्या चौकटीवर किंवा बॉनेटखालच्या पट्टीवर लिहिलेला असतो. नुसतं ‘लाल’ किंवा ‘करडा’ सांगून आणलेली बाटली जुळणार नाही.

बाटलीसोबतचा ब्रश बाजूला ठेवा, टूथपिक घ्या. थेंब टवक्याच्या मध्यात टेकवला की तो स्वतःच कडेपर्यंत पसरतो. वाळल्यावर मात्र खड्डा पुन्हा दिसतो, कारण त्या रंगात निम्म्याहून अधिक भाग उडून जाणाऱ्या द्रावकाचा असतो. एकाच वेळी जाड थर दिला तर वरची साय आधी वाळते आणि आतला द्रावक अडकून राहतो. म्हणून पातळ थेंब, विश्रांती, पुन्हा थेंब. रंग कडेच्या किंचित खाली राहिला की थांबून त्यावर क्लिअर कोट भरायचा, तो मात्र किंचित वर येऊ द्यायचा. आपल्याकडे भट्टी नाही, म्हणून निदान आठवडाभर हात लावायचा नाही. मग २००० नंबरचा वॉटर पेपर साबणाच्या पाण्यात भिजवून हलकेच फिरवायचा. त्यावरचे कण सुमारे १० मायक्रॉनचे आणि आजूबाजूचा क्लिअर कोट ४०-५० मायक्रॉनचा, हे ध्यानात ठेवलं की हात आपोआप हलका होतो. शेवटी कंपाऊंड.

पांढऱ्या किंवा साध्या लाल रंगावर हे काम इतकं बेमालूम होतं की हातभर अंतरावरून सापडत नाही. चंदेरी गाडीवर तसं होत नाही. मेटॅलिक रंगात ॲल्युमिनियमच्या मायक्रॉनपेक्षाही पातळ चकत्या असतात. फवाऱ्याने मारलेला पातळ थर वाळताना त्या पृष्ठभागाला समांतर आडव्या पडतात आणि एकाच दिशेने प्रकाश परतवतात. थेंबात त्या वाटेल तशा कलतात. रंग तोच, संकेतांक तोच, तरी ठिपका गडद दिसतो. अशा वेळी ठिपका दिसला तरी चालेल, गंज थांबला पाहिजे.

एक गोष्ट मात्र घरी करू नका. हार्डनर मिसळून फवारायचा क्लिअर कोट सराईत पेंटरकडेच सोपवा. त्यातल्या आयसोसायनेटमुळे कायमचा दमा जडू शकतो.

रंगाची बाटली यायला वेळ लागणार असेल तर घरात एक उपाय असतो. १९२०च्या दशकात ड्यूपाँ या मूळच्या स्फोटकं बनवणाऱ्या कंपनीने ड्यूको हा नायट्रोसेल्युलोजचा रंग आणला. १९२४च्या ओकलंड गाड्यांवर तो चढला आणि तेलकट व्हार्निश वाळण्यात जाणारे आठवडे वाचले. आजच्या नेलपॉलिशचा थरही बहुधा नायट्रोसेल्युलोजचाच असतो. तेव्हा बॉनेटवर चमकता पत्रा दिसणारा टवका आढळला तर पाऊस येण्याआधी तो धुऊन, पूर्ण वाळवून त्यावर पारदर्शक नेलपॉलिशचा एक थेंब टेकवा. खरी बाटली आली की तो टूथपिकने उचकटून काढा, रिमूव्हरने पुसू नका.