ओल बाहेरची नव्हे, घरातलीच!

मंडळी, दोन वर्षांपूर्वीच्या जानेवारीतली गोष्ट. आमच्या धाकट्याचा खोकला महिना झाला तरी हटेना. त्याला लहानपणापासून दमा, त्यामुळे पंप दिवसातून चार-चार वेळा लागू लागला. डॉक्टरीणबाईंनी विचारले, "घरात कुठे ओल आहे का?" मी ठामपणे सांगितले, "छे, छप्पर अगदी शाबूत आहे." घरी येऊन त्याच्या खोलीतले कपाट पुढे ओढले, तर मागची भिंत काळ्या बुरशीच्या ठिपक्यांनी भरलेली!

मी लगेच ब्लीच आणले. तेवढ्याने भागेना म्हणून त्यात व्हिनेगर ओतले. थंडी म्हणून खिडकी बंद. दोन मिनिटांत डोळ्यांची आग झाली, श्वास कोंडला. ह्यांनी हाताला धरून बाहेर काढले. नशीब, मुलगा शाळेत होता! ब्लीचमध्ये आम्ल मिसळले की क्लोरीन हा विषारी वायू तयार होतो. अमोनिया मिसळला तरी तसाच घातक वायू निघतो. तेव्हा ब्लीचमध्ये कधीही काहीही मिसळू नका.

बुरशीचा भाग एक चौरस मीटरपेक्षा कमी असेल, तरच घरच्या घरी साफ करावा. दम्याच्या रुग्णाने स्वतः हे काम करू नये, त्या खोलीतही थांबू नये. मास्क, रबरी हातमोजे आणि डोळ्यांना गॉगल लावावा. खिडकी उघडी, खोलीचे दार बंद. कोरड्या ब्रशने घासू नये, बुरशीचे कण हवेत उडतात. साबणाच्या पाण्यात बुडवलेल्या फडक्याने पुसून भिंत कोरडी करावी आणि फडकी पिशवीत बांधून टाकून द्यावीत. नुसता वरून रंग मारला, तर बुरशी त्यातून पुन्हा डोके वर काढते.

पण पुसणे हे अर्धेच काम. आम्ही कोकणातली माणसे. पावसाळ्यात ओल बाहेरून येते, म्हणून दारे-खिडक्या लावून घ्यायची सवय. इंग्लंडच्या हिवाळ्यातही मी तेच करत होते! इथे मात्र पुष्कळदा ओल आपणच तयार करतो. कुकरच्या शिट्ट्या, गरम पाण्याच्या आंघोळी, रेडिएटरवर वाळत घातलेले कपडे, अगदी झोपेतला श्वाससुद्धा. ही वाफ थंड भिंतीला लागली की गार सरबताच्या पेल्यावर थेंब जमावेत तसे पाणी सुटते. कपाट भिंतीला चिकटलेले असेल तर तिथे हवा खेळत नाही, आणि बुरशीचे फावते.

आता कपाट चार बोटे पुढे आहे. स्वयंपाक आणि आंघोळीच्या वेळी पंखा चालू, दार बंद. सकाळी दहा मिनिटे खिडक्या उघड्या. "पौंड उडून चालले!" असे हे म्हणतात, पण भिंती तेवढ्यात गार होत नाहीत. आर्द्रता मोजायचे छोटे यंत्र साधारण दहा पौंडांत मिळते. काटा ६० टक्क्यांच्या खाली ठेवावा. हवेतले पाणी ओढणारा डीह्युमिडिफायर २०० वॅटचा असेल, तर पाच तासांत एक युनिट वीज खातो.

मोठा खर्च करण्यापूर्वी ओलीची जात ओळखा. जमिनीपासून साधारण मीटरभर उंचीपर्यंतच डाग असेल तर ती खालून चढलेली ओल असू शकते. पावसानंतर डाग वाढत असेल तर पन्हळ किंवा छप्पर तपासा. कोपऱ्यांत आणि कपाटामागे असेल तर बहुधा वाफच, तिथे भिंतीत औषध भरून घेण्यात पैसे वायाच जातात. विमा बहुतेक वेळा पाइप अचानक फुटल्यास पैसे देतो, हळूहळू मुरलेल्या ओलीसाठी नाही.

भाडेकरूंनी तारखेसह फोटो काढून घरमालकाला लेखी कळवावे. रॉचडेलमध्ये डिसेंबर २०२० मध्ये घरातल्या बुरशीमुळे दोन वर्षांचे मूल दगावले. त्याच्याच नावाचा 'अवाब्ज लॉ' इंग्लंडमधल्या कौन्सिल व हाउसिंग असोसिएशनच्या घरांना ऑक्टोबर २०२५ पासून लागू झाला आहे. धोका तातडीचा असेल तर २४ तासांत कारवाई, आणि गंभीर ओलीची १० कामकाजाच्या दिवसांत तपासणी, असे त्यात बंधन आहे. खासगी घरमालक दाद देत नसेल तर कौन्सिलच्या पर्यावरण आरोग्य विभागाला कळवावे.

आमच्या धाकट्याचा पंप अजून आहे, पण गेल्या हिवाळ्यात तो रात्रभर शांत झोपला. तेव्हा मंडळी, आज एवढे कराच. मुलांच्या खोलीतले कपाट जरा पुढे ओढून मागे डोकावून बघा.