‘समग्र’चा तास कितवा?

चेलाडी फाट्यावर वेल्ह्याच्या एसटीची वाट बघत उभं राहिलं, की शिक्षणशास्त्रावरची मतं फुकटात ऐकायला मिळतात. बी.एड. झालेली आणि पुढच्या परीक्षेच्या तारखेकडे डोळे लावून बसलेली पोरं, बदलीच्या यादीत आपलं नाव शोधणारे गुरुजी, मुलीला एम.एड.ला घालावं की नको या विचारात असलेले वडील अशी सगळी तिथं भेटतात. ही माणसं चुकीचं बोलतात असं नाही, पण अर्धं बरोबर बोलतात, आणि या विषयात अर्धं बरोबर फार महाग पडतं.

कापूरहोळहून भोरला जा, नाहीतर चेलाडीहून वेल्ह्याकडे (सरकारदरबारी आता राजगड तालुका), दोन्हीकडे चित्र सारखंच. डोंगर, धरणं, भाताची खाचरं आणि वाडीवाडीवर कमी पटाची जिल्हा परिषद शाळा. शिक्षणाच्या पदव्या मिळतात पुण्यात, पण त्या कशासाठी असतात हे या वाड्यांवर जास्त स्वच्छ दिसतं.

“बी.एड. झालं, आता पहिलीपासून कुठंही शिकवता येतं”

येत नाही. हा गैरसमज पसरण्यात आपल्याच व्यवस्थेचा हातभार आहे. २८ जून २०१८ला राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने म्हणजे एनसीटीईने अधिसूचना काढून पहिली ते पाचवीसाठी बी.एड. चालेल असं ठरवलं. ११ ऑगस्ट २०२३ला सर्वोच्च न्यायालयाने ते चालणार नाही असा निकाल दिला. लहान मुलांना शिकवण्याचं शास्त्र वेगळं आहे आणि ते डी.एड.मध्ये (आताचं डी.एल.एड.) शिकवलं जातं, बी.एड.मध्ये नाही, असा त्याचा मथितार्थ. निकालाआधी नेमल्या गेलेल्यांना एप्रिल २०२४मध्ये संरक्षण मिळालं, पण नव्यांसाठी दार बंद झालं. मला हा निकाल पटतो. सहा वर्षांच्या मुलाला वाचायला शिकवणं हे दहावीला बीजगणित शिकवण्यापेक्षा सोपं काम आहे, असं ज्याला वाटतं त्याने जूनमध्ये पहिलीच्या वर्गात एक आठवडा काढावा.

शिवाय टीईटी आणि टेट यांचा घोळ आहेच. टीईटी ही पात्रता परीक्षा. १५० पैकी ९० गुण मिळाले की पास (राखीव प्रवर्गांना ५५ टक्के), आणि प्रमाणपत्र आता आयुष्यभर चालतं. टेट म्हणजे अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी. २०० गुणांची ही परीक्षा पास-नापासाची नाही. तिच्या गुणांवर पवित्र पोर्टलवरून भरती होते. एक दाराची किल्ली आहे, दुसरी रांगेतला नंबर. आणि टीईटी फक्त नव्यांसाठी आहे असं मानणाऱ्या जुन्या गुरुजींसाठी १ सप्टेंबर २०२५ची तारीख महत्त्वाची. ज्यांची नोकरी पाच वर्षांपेक्षा जास्त उरली आहे, अशा सेवेतल्या शिक्षकांनीही दोन वर्षांत टीईटी पास व्हावं, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने त्या दिवशी दिला. पाचपेक्षा कमी वर्षं उरलेल्यांची नोकरी सुटत नाही, पण बढती हवी असेल तर टीईटी त्यांनाही हवीच.

“बी.एड. परत एका वर्षाचं झालंय”

मोबाइलवर दर दोन महिन्यांनी फिरणारा हा निरोप. २०१४च्या नियमावलीनंतर, २०१५-१६पासून बी.एड. आणि एम.एड. दोन्ही दोन-दोन वर्षांचे झाले. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात एक वर्षाच्या बी.एड.चा उल्लेख आहे, पण तो चार वर्षांची पदवी किंवा पदव्युत्तर पदवी असलेल्यांसाठी. साध्या तीन वर्षांच्या बी.ए.वाल्याला दोन वर्षं आहेतच. एक वर्षाच्या अभ्यासक्रमांच्या नव्या नियमावलीचा मसुदा २०२५मध्ये आला. म्हणून ज्या वर्षी प्रवेश घ्याल त्या वर्षीची माहितीपुस्तिका वाचा, निरोप नको.

‘घरबसल्या बी.एड.’चंही तसंच. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचं बी.एड. खरं आहे, मान्यताप्राप्त आहे, पण ते सेवेत असलेल्या किंवा आधी शिक्षक-प्रशिक्षण समोरासमोर घेतलेल्यांसाठी आहे. नुकत्याच पदवीधर झालेल्या मुलीने कुणा एजंटाच्या नादी लागू नये.

“एम.एड. म्हणजे बी.एड.चा दुसरा भाग”

फाट्यावरच्या त्या वडिलांचा प्रश्न हाच होता: एम.एड. केल्यावर मुलगी ज्युनिअर कॉलेजला लागेल ना? एम.एड.ने शाळेतली नोकरी वरच्या पायरीवर सरकत नाही. बी.एड. मुलांना शिकवायला शिकवतं, तर एम.एड. शिक्षणाकडे बघायला शिकवतं. अभ्यासक्रम कोण ठरवतं, मूल्यमापन कशाचं होतं, गरिबाचं मूल गळतं कुठं, शिक्षक घडतो कसा हे त्याचे विषय. त्यात प्रबंध असतो आणि आंतरवासिता शाळेत नव्हे तर शिक्षक-प्रशिक्षणाच्या संस्थेत असते. ही पदवी लागते ती बी.एड. कॉलेजात शिकवायला, आणि तिथेही नुसती पुरत नाही. सोबत विषयातली पदव्युत्तर पदवी आणि नेट-सेट किंवा पीएच.डी. लागते.

एम.ए. (शिक्षणशास्त्र) हे आणखी वेगळं. त्याला बी.एड. लागत नाही, कुठल्याही पदवीधराला प्रवेश मिळतो. ते इतिहास-अर्थशास्त्रासारखं विद्याशाखीय शिक्षण आहे, शिक्षकीचा परवाना नव्हे. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ, मुंबईची टाटा सामाजिक विज्ञान संस्था, बंगळुरूचं अझीम प्रेमजी विद्यापीठ, इग्नू अशा ठिकाणी ते शिकता येतं. सामाजिक संस्थांत, अभ्यासक्रम किंवा पाठ्यपुस्तकांच्या कामात जायचं असेल त्याला ते जास्त उपयोगी. वेल्ह्यातल्या शाळेत कायम नोकरी हवी असेल तर नाही. वडिलांना मी हे सांगितलं. ते म्हणाले, “मग एवढं शिकून करायचं काय?” गाडी आली, आणि उत्तर राहून गेलं.

“समग्र म्हणजे योगा आणि कवायत”

आता मुख्य गोष्ट. ‘समग्र’ या शब्दाची आपल्याकडे दोन लग्नं झाली आहेत. पहिलं सरकारी योजनेशी. गावात ‘समग्रचे पैसे आले का?’ असं विचारतात तेव्हा ते ‘समग्र शिक्षा’बद्दल असतं. २०१८मध्ये सर्व शिक्षा अभियान, माध्यमिक शिक्षा अभियान आणि शिक्षक-शिक्षणाची योजना अशा तिन्हींची मिळून एक योजना झाली, तिचं हे नाव. त्याचा अध्यापनपद्धतीशी थेट संबंध नाही. दुसरं लग्न शनिवारशी. समग्र विकास म्हणजे शनिवारी योगासनं, लेझीम, जमलं तर मातीकाम आणि सोमवारपासून पुन्हा गणित. या हिशेबाने समग्र हा आठवड्यातला एक तास होतो.

खरं तर तो तासच नव्हे. समग्र अध्यापनात विषय वाढत नाहीत. आहे त्याच विषयाला मुलाचं डोकं, हात, भाषा, घर आणि सोबती एकाच वेळी जोडले जातात. हे २०२०च्या धोरणाने शोधलेलंही नाही. १९३७च्या वर्धा परिषदेत गांधीजींनी मांडलेल्या नई तालीमचा गाभा हाच होता, की हाताचं काम हा शिक्षणाचा सोबती नव्हे, माध्यम आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५मध्ये बोर्डीला आणि पुढे कोसबाडला आदिवासी मुलांसोबत जे केलं, तेही हेच. पुण्याच्या ज्ञान प्रबोधिनीचं ग्रामीण काम याच शिवगंगा-गुंजवणी खोऱ्यात गेली कैक वर्षं चालू आहे, आणि त्यांच्या मांडणीत पंचकोशाची, म्हणजे शरीर, प्राण, मन, बुद्धी आणि आनंद एकत्र घडवण्याची कल्पना आहे. २०२२च्या पायाभूत स्तराच्या राष्ट्रीय आराखड्यातही तीच कल्पना घेतली आहे. म्हणजे शब्द दिल्लीहून आला तरी वस्तू इथली आहे.

नुसतं सांगून हे पटत नाही, म्हणून मी पाहिलेला एक तास सांगतो. पाऊस ओसरलेला, कापणी होऊन गेलेली. पहिली ते चौथी, चार वर्ग मिळून मुलं चौदा. एक शिक्षक केंद्राच्या शिक्षण परिषदेला गेलेले, दुसऱ्या बाई एकट्या. बाईंनी घराघरांतून मापं मागवली होती. पायली, अधोली, शेर, मापटं, चिपटं अशी सगळी व्हरांड्यात ओळीने मांडली आणि मधे भाताची रास. चिपट्याने मापटं भरा, मापट्याने शेर, शेराने अधोली, अधोलीने पायली. पहिलीची पोरं भरायला आणि मोजायला. दुसरीने सांगायचं, प्रत्येक वेळी किती पट होतं. तिसरीने पाढा शोधायचा. चौथीला प्रश्न असा, की एक चिपटं म्हणजे पायलीचा कितवा भाग? एका मुलाने जमिनीवर खडूने झाड काढावं तसं काढलं, एकाच्या दोन फांद्या, दोनाच्या चार, चारांच्या आठ. खाली सोळा टोकं आली. “एकछेद सोळा!” पुस्तकात अपूर्णांक म्हणजे कापलेली भाकरी असते, इथे तो मुठीतून सांडत होता.

मग एक गंमत झाली. पहिलीतली एक मुलगी मोजताना ‘एक’ म्हणेचना. “लाभ, दोन, तीन, चार...” शेजारचा मुलगा हसला, बाई हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, हे कुठं ऐकलंस? खळ्यावर, आजा तसंच मोजतो. मग सगळ्यांनी घरी जाऊन विचारायचं ठरलं, की पहिल्या मापाला लाभ का म्हणतात. दुसऱ्या दिवशी त्यावर मराठीचा तास निघाला, आणि चौथीने आजोबांना विचारून पायलीत किती किलो मावतं ते वजनकाट्यावर तपासलं. भाताचं वेगळं आलं, तांदळाचं वेगळं. का, यावर पुढचा अर्धा दिवस. माप आणि वजन यांत फरक आहे, हे आता त्या मुलांना कुणी सांगायची गरज उरली नाही.

यात योगासन नव्हतं, पण चार इयत्ता, तीन विषय आणि एक आजा एका व्हरांड्यात आले होते.

“इतक्या कमी पोरांत काय शिकवणार?”

शिक्षण हक्क कायद्याने साठपर्यंत पट असलेल्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक मिळतात. म्हणजे बारा मुलं असोत की पन्नास, दोनच जण चार-पाच इयत्ता सांभाळतात. बी.एड.-डी.एड.चे सराव पाठ मात्र एका इयत्तेचे, एका विषयाचे, घड्याळी तासिकेचे. पाठ टाचण त्याच साच्यात. शिकाऊ शिक्षक शहराजवळच्या शाळेत आंतरवासिता करतो, आणि नेमणूक होते ती अशा वाडीवर. बहुवर्ग अध्यापन ही इथली रोजची गरज, पण प्रशिक्षणात ते तळटिपेसारखं येतं. माझी खरी तक्रार इथे आहे.

कमी पट म्हणजे शाळा बंद, असंही मानलं जातं. याला निमित्त झालं वेल्ह्यातलंच पानशेत. आसपासच्या छोट्या शाळांची मुलं बसने आणून तिथे समूह शाळा उभी राहिली. २१ सप्टेंबर २०२३च्या पत्रात शिक्षण विभागाने वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांसाठी समूह शाळांचे प्रस्ताव मागवले, तेव्हा नंदुरबारच्या तोरणमाळसोबत पानशेतचं उदाहरण पुढे केलं गेलं. मोठा वर्ग, खेळगडी, प्रयोगशाळा हे फायदे खरे आहेत. पण जुलैच्या पावसात दरड आली की बस थांबते आणि चालत जाता येणारी शाळा थांबत नाही, हेही खरं. आणि ‘शाळा संकुल’ म्हणजे ही समूह शाळा नव्हे. संकुलाची कल्पना कोठारी आयोगाची, १९६४-६६ची. शाळा आपापल्या जागी ठेवायच्या आणि शिक्षक, साहित्य, ग्रंथालय वाटून वापरायचं. नव्या धोरणात तीच पुन्हा आली आहे. दोन्ही शब्द एकाच अर्थाने वापरले की चर्चा पहिल्याच वाक्यात बिघडते.

“संशोधन म्हणजे पुस्तकांची धूळ”

त्या कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव होते जे. पी. नाईक, आजरा तालुक्यातले. त्यांनी १९४८मध्ये मुंबईत भारतीय शिक्षण संस्था काढली, ती १९७६मध्ये पुण्याला आली. शिक्षणशास्त्रातल्या पदव्युत्तर संशोधनासाठी काढलेली ही संस्था. तिने १९७९पासून पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांत काय केलं? दिवसा गुरं राखणाऱ्या, भावंडं सांभाळणाऱ्या, शाळेत न येणाऱ्या मुलांसाठी संध्याकाळचे वर्ग चालवले. त्यात मुली मोठ्या संख्येने होत्या. या कामाच्या मागे चित्रा नाईक होत्या. मुलाच्या दिवसाप्रमाणे शाळेची वेळ हलवली तर मूल टिकतं का, हा संशोधनाचा प्रश्न होता आणि त्याचं उत्तर कंदिलाच्या उजेडात शोधलं गेलं. वडिलांच्या ‘करायचं काय’ला माझ्याकडे उत्तर होतं ते हे.

आज मात्र प्रबंधांचे मथळे बघा, ‘अमुक तालुक्यातील इयत्ता आठवीच्या विद्यार्थ्यांच्या समायोजनाचा तौलनिक अभ्यास’. तालुक्याचं नाव बदलायचं आणि प्रश्नावली वाटायची. भोरमध्ये भातलावणीच्या पंधरवड्यात हजेरी का पडते, कातकरी वस्तीवरचं मूल घरी बोलतं ती भाषा आणि पुस्तकातली यांत किती अंतर आहे, चार इयत्तांची एकच पाठयोजना कशी लिहायची, हे विषय हात जोडून उभे आहेत.

याच आजाराचं छोटं रूप शाळेत दिसतं. २० ऑगस्ट २०१०च्या शासन निर्णयाने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. शिक्षकाने प्रत्येक मुलाविषयी वर्णनात्मक नोंद लिहायची. कल्पना उत्तम. मग बाजारात तयार नोंदींची पुस्तकं आली, पुढे त्यांच्या पीडीएफ आल्या. ‘कविता तालासुरात म्हणतो.’ ‘वर्गात नीटनेटका राहतो.’ एकेका वर्गातली सगळी मुलं तालासुरात. आता समग्र प्रगतिपत्रक येतंय, त्यात मूल स्वतःविषयी लिहील, सोबती लिहील, पालक लिहितील. त्याचीही पीडीएफ येईल अशी मला भीती आहे.

मापांचा तास संपल्यावर मी बाईंची नोंदवही मागून बघितली. त्या मुलीच्या नावापुढे त्या दिवशीची एकच ओळ होती: ‘मोजताना एकऐवजी लाभ म्हणते. मोजणी बरोबर.’