डिझेल गळते आहे? पंप उतरविण्याआधी हे पाहा

भिवंडीहून कापडाचे तागे नेणारी गाडी असो, पहाटे पाव-बटर पोहोचविणारी बेकरीची गाडी असो की केटरिंगवाल्याचा टेम्पो असो, आपल्या कितीतरी व्यापारी आणि कारागीर बंधूंचा धंदा अजून जुन्या डिझेल गाडीवर चालतो. गाडीचे पैसे केव्हाच फिटलेले असतात, त्यामुळे ती जितकी वर्षे चालेल तितका फायदा. पण या गाड्यांना एक दुखणे हमखास जडते आणि ते म्हणजे डिझेलची गळती. मालक आधी दुर्लक्ष करतो आणि मग एक दिवस मिस्त्री सांगतो, "शेठ, पंप गेला, उतरवावा लागेल." पंपाचे काम म्हणजे हजारोंचा खर्च आणि गाडी तीन-चार दिवस उभी. आमचा अनुभव असा की बहुतेक वेळा पंप निर्दोष असतो आणि दोष एखाद्या स्वस्त रबरी नळीचा किंवा वायसरचा असतो. म्हणून गळती कशी शोधावी, काय आपण करावे आणि काय पंपवाल्याकडेच न्यावे, याची माहिती येथे देत आहोत.

आधी दुर्लक्षाचा हिशेब करू. डिझेलच्या तीस थेंबांचा एक मिलीलिटर धरला, तर सेकंदाला एक थेंब म्हणजे तासाला १२० मिलीलिटर. आठ तास इंजिन चालले की जवळपास एक लिटर गेले. डिझेल नव्वद रुपये लिटर धरले तर पंचवीस दिवसांत दोन हजारांच्या वर रक्कम रस्त्यावर सांडली. शिवाय डिझेलने इंजिनाखालचे रबरी माउंटिंग आणि पाण्याच्या होजपाइप फुगून मऊ पडतात, मागून येणारा दुचाकीवाला घसरू शकतो, आणि पाव-खारीला एकदा डिझेलचा वास लागला की तो माल कोणी घेत नाही. डिझेल पेट्रोलसारखे चटकन भडकत नाही हे खरे, पण तापलेल्या सायलेन्सरच्या पाइपवर त्याचा फवारा पडला तर गाडी पेटायला वेळ लागत नाही.

आम्ही येथे मुख्यतः बजाज टेम्पोच्या गाड्या डोळ्यांसमोर ठेवल्या आहेत. पुढच्या काळातल्या मॅटाडोर, ट्रॅक्स आणि टेम्पो ट्रॅव्हलर या गाड्यांत मर्सिडीजच्या ओएम ६१६ या चार सिलिंडरच्या इंजिनावरून घेतलेले इंजिन बसविलेले असे. या कंपनीचे नाव २००५ साली फोर्स मोटर्स झाले. इंजिनाच्या बाजूला एका ओळीत चार एलिमेंट असलेला पंप असतो. आपले मिस्त्री त्याला मायको पंप म्हणतात, कारण बॉशची भारतातील कंपनी २००८ पर्यंत त्या नावाने ओळखली जाई. इतर जुन्या डिझेल गाड्यांत जागा थोड्या वेगळ्या असतील, पण रीत तीच.

पहिले काम म्हणजे इंजिन धुऊन कोरडे करणे. कित्येक जण हेच टाळतात. वर्षानुवर्षांची तेल-माती साचलेल्या इंजिनावर गळतीची जागा दिसूच शकत नाही, कारण डिझेल वरून निघते, पंपाच्या अंगावरून ओघळते आणि टपकते भलतीकडेच. खाली ओल दिसली आणि वर पंप आहे, एवढ्यावरूनच पंपाचे नाव घेतले जाते. एका बेकरीवाल्या बंधूला असेच पंप ओव्हरहॉल करायला सांगितले गेले होते. दुसऱ्या उस्तादाने इंजिन पुसून पाहिले, तेव्हा दोष वरच्या बोटभर नळीत निघाला. इंजिन पुसल्यावर संशयाच्या जागांवर अंगाला लावायची साधी पावडर भुरभुरावी आणि इंजिन चालू करावे. डिझेल जिथे प्रथम फुटते तिथे पावडर आधी काळी पडते. रात्री गाडीखाली पुठ्ठा टाकून ठेवावा, म्हणजे उभ्या गाडीतून गळते की फक्त चालू असताना, हेही कळते.

डिझेलचा रस्ता समजून घेतला की शोध सोपा होतो. टाकीतून डिझेल फीड पंपाने ओढले जाते, तिथून फिल्टरमध्ये, फिल्टरमधून मोठ्या पंपात, पंपातून लोखंडी पाइपांनी नोजलकडे, आणि नोजलमधून उरलेले डिझेल बारीक नळ्यांनी परत. यात टाकीपासून फीड पंपापर्यंतचा भाग ओढीचा आहे. तिथे भेग पडली तर इंजिन चालू असताना डिझेल बाहेर येण्याऐवजी हवा आत जाते. पुठ्ठा कोरडा, पण सकाळी गाडी सुरू होत नाही, खूप स्टार्टर मारावा लागतो, चालताना दम सोडते. मिस्त्री म्हणतात, "गाडी एअर धरते." रात्रभरात डिझेल टाकीकडे उतरलेले असते. अशा वेळी फीड पंप आणि फिल्टर यांच्यामध्ये तात्पुरती पारदर्शक नळी लावून पाहावी. इंजिन चालू असताना तिच्यात बुडबुडे धावत असतील तर दोष मागे, म्हणजे टाकीच्या बाजूला आहे. चासीवर घासून झिजलेला पाइप, सैल क्लिप आणि कडक झालेला रबरी तुकडा ही तिथली नेहमीची कारणे.

आता सर्वांत जास्त वेळा सापडणारी जागा. नोजलवरून परत जाणाऱ्या त्या बारीक नळ्या कापडी विणीच्या रबराच्या असतात आणि एका नोजलवरून दुसऱ्यावर नुसत्या दाबून बसविलेल्या असतात. शेवटच्या नोजलवर एका बाजूने बंद असलेला छोटा तुकडा असतो. इंजिनाच्या उष्णतेने हे रबर लाकडासारखे होते, वीण फुगून काळी ओली दिसते आणि टोकाला चिरा पडतात. एक तुकडा बदलून उपयोग नाही. सगळे एकाच वयाचे आहेत, म्हणून सगळे एकदम बदलावेत आणि ते बंद टोकही विसरू नये. खर्च फार तर चहा-नाश्त्याइतका. जुनी नळी ओढून काढू नये, ब्लेडने उभी कापून सोलावी, कारण ओढताना नोजलची बारीक चोच तुटली तर नोजलचा होल्डरच बदलावा लागतो. पाण्याची किंवा साधी प्लास्टिकची नळी येथे चालत नाही. डिझेलचीच नळी मागून घ्यावी.

यानंतर फीड पंपावरचा हातपंप. जुन्या नमुन्यात वर पांढरी गुंडी असते, ती फिरवून सैल करायची, हवा काढायची आणि पुन्हा घट्ट बसवायची. आतले सील झिजले की गुंडीच्या मुळाशी ओल येते आणि तिथूनच एअरही शिरते. पुष्कळदा कोणीतरी हवा काढून गुंडी अर्धवट सैल ठेवलेली असते, ते आधी पाहावे. सील गेले असेल तर दाबून चालणारा नव्या नमुन्याचा हातपंप त्याच आट्यांत बसतो.

फिल्टरवर आणि पंपावर पाइप ज्या पोकळ बोल्टने बसतात, त्याच्या दोन्ही बाजूंना तांब्याचे किंवा ॲल्युमिनियमचे वायसर असते. बोल्ट उघडला की वायसर नवे घालावे. नवे मिळाले नाही तर तांब्याचे जुने वायसर लाल होईपर्यंत तापवून पाण्यात सोडावे, म्हणजे ते पुन्हा मऊ पडते. आपल्या तांबटकाम करणाऱ्या बंधूंना हे सांगायला नको. जुने कडक वायसर ठेवून बोल्ट आवळत राहिल्यास आटे मात्र जातात.

आता धोक्याची जागा, म्हणजे पंपापासून नोजलपर्यंतचे चार लोखंडी पाइप. इथला दाब चौरस सेंटिमीटरला शंभर किलोच्या वर असतो. पाइपला केसाएवढी भेग पडली तर डिझेलचा फवारा जवळजवळ अदृश्य असतो आणि तो त्वचा भेदून आत शिरतो. वरून टाचणी टोचल्यासारखे दिसते, पण आत मांस सडते आणि बोट कापण्याची पाळी येते. म्हणून इंजिन चालू असताना या पाइपांवर हात फिरवून गळती कधीही शोधू नये, पुठ्ठ्याचा तुकडा धरावा. डिझेल त्वचेत घुसल्याचा संशय आला तर, दुखत नसले तरी, ताबडतोब मोठ्या दवाखान्यात जावे आणि डिझेल दाबाने आत गेले आहे हे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे. पोरगेल्या हेल्परला हे आधी समजावून द्यावे.

या पाइपांचे नट पाझरत असतील तर इंजिन बंद करून नट सोडावा, पाइपाचे निमुळते तोंड पुसावे आणि पुन्हा बेताने आवळावे. पंपाच्या बाजूला नट फिरविताना खालचा होल्डर दुसऱ्या पान्याने धरून ठेवावा, नाही तर तोही फिरतो. पाइपांना एकत्र धरणाऱ्या क्लिपा गेल्या असतील तर त्या आधी बसवाव्यात. पाइप थरथरून तुटतात ते बहुधा क्लिपा नसल्यामुळेच. भेगेवर एम-सील किंवा साबण लावणे, पितळेचा टाका मारणे हे उपाय या दाबापुढे टिकत नाहीत. पाइप बदलावाच लागतो.

ते होल्डर स्वतःच बुडाशी पाझरत असतील, तर दोष आतल्या रबरी रिंगचा किंवा वायसरचा असतो. ही रिंग जुन्या गाड्यांत साध्या नायट्राइल रबराची असे. १९९३ साली अमेरिकेत कमी गंधकाचे डिझेल आले, तेव्हा जुन्या गाड्यांच्या पंपांची सीले आकसून गळू लागल्याच्या बऱ्याच तक्रारी आल्या होत्या. आपल्याकडेही १ एप्रिल २०२० पासून देशभर भारत स्टेज ६ चे, अत्यल्प गंधकाचे डिझेल मिळते. तेव्हा रिंग बदलताना व्हायटनची मागावी. हे काम मात्र गल्लीत करू नये. धुळीचा कण आत गेला किंवा आवळणे कमी-जास्त झाले तर चारही सिलिंडरचे डिझेल बिघडते, म्हणून ते पंपवाल्याकडेच द्यावे.

एक गळती बाहेर दिसतच नाही आणि ती सर्वांत महाग पडते. फीड पंपाच्या दांडीचे सील किंवा पंपाचे एलिमेंट झिजले तर डिझेल पंपाच्या पोटातून इंजिन ऑइलमध्ये उतरते. ऑइल पातळ होते आणि बेअरिंग, क्रँक खराब होतात. खूण सोपी आहे: दांडी ओढून पाहिली तर ऑइलची पातळी कमी होण्याऐवजी वाढलेली दिसते आणि डिझेलचा वास येतो. गाडी ऑइल खात नाही म्हणून मालक खुश असतो, तेव्हाच हा संशय घ्यावा. अशी गाडी पुढे चालवू नये. दोष काढून ऑइल आणि ऑइल फिल्टर दोन्ही बदलावेत.

काम झाल्यावर फिल्टरवरचा बोल्ट थोडा सैल करून, बुडबुडे थांबेपर्यंत हातपंप मारून एअर काढावी. स्टार्टर एका वेळी दहा-पंधरा सेकंदांहून जास्त मारू नये, मध्ये थांबावे. मिस्त्रीकडून बदललेला जुना भाग मागून घ्यावा. मग रात्री पुन्हा पुठ्ठा टाकावा, आणि आठ दिवसांनी माल भरून फेरी केल्यावर इंजिन आणि ऑइलची दांडी परत एकदा पाहावी.