पावसाळ्यात उभी राहणारी मोटरसायकल



पाऊस लागला की काळ्या रानातली वाट बंद होते आणि मोटरसायकल दोन-तीन महिने जागेवर उभी राहते. मग ऐन तोडीच्या धावपळीत किक मारमारून पाय दुखतो, गाडी काही चालू होत नाही.

हल्ली पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. त्यातले काही आपल्याच उसाचे. इथेनॉल पाणी ओढून घेते. पाणी फार झाले की दोन्ही मिळून टाकीच्या तळाशी बसतात, आणि टाकी गंजते. म्हणून आम्ही सुचवतो :

टाकी जवळजवळ भरून ठेवा, म्हणजे आत दमट हवेला जागा राहत नाही. झाकणाचे रबर तपासा. कार्बोरेटरची गाडी असेल तर कॉक बंद करून कार्बोरेटरमधले पेट्रोल काढा. काळे पडलेले ऑइल बदला. चेनला ऑइल द्या. बॅटरी सोडताना वजा बाजूची वायर आधी काढा. महिन्यातून एकदा चार्ज करा. गाडी मधल्या स्टँडवर लावा. खताच्या पोत्यांजवळ किंवा गोठ्यात नको, खत नि मूत लोखंड खातात. सायलेन्सरच्या तोंडाला चिंधी लावा, उंदीर शिरत नाही. चालू करण्याआधी ती काढायला मात्र विसरू नका!

अर्ध्या दिवसाचे काम आहे. बेंदराआधी उरकून घ्यावे.