दोष यूएसबीचा नाही

शाहू मार्केट यार्डातली गुळाची अडत असो, उद्यमनगरातलं मशिन शॉप असो की गल्लीतली पतसंस्था, क्लिपर नाहीतर फॉक्सप्रोमध्ये कुणाकडून तरी लिहून घेतलेला हिशेबाचा प्रोग्रॅम कोल्हापुरात अजून कुठे ना कुठे चालू सापडतो. संगणक बदलला जातो. नव्या संगणकाला प्रिंटरचं ते रुंद, पंचवीस पिनांचं पोर्ट नसतं, म्हणून डॉट मॅट्रिक्स प्रिंटर यूएसबीवर जोडतात. शेतकऱ्याची पट्टी छापायला आज्ञा द्यावी, तर प्रिंटर ढिम्म. मग ठरलेला निकाल कानावर येतो, ‘डॉसचा प्रोग्रॅम यूएसबी प्रिंटरवर छापतच नाही, सॉफ्टवेअर बदला.’ हे इतक्या ठामपणे सांगतात की मालक त्याच दिवशी कोटेशन मागवतो. आणि हे साफ चूक आहे.

प्रिंटर कुठल्या कंपनीचा, कोणत्या वायरीने जोडलेला, याची डॉसच्या प्रोग्रॅमला गंधवार्ताही नसते. एलपीटी१ नावाच्या पत्त्यावर एकामागून एक अक्षरं पाठवायची, एवढंच तो जाणतो. विंडोज मात्र यूएसबी प्रिंटरला यूएसबी००१ असा वेगळा पत्ता देते. म्हणजे प्रोग्रॅम पत्र टाकतोय जुन्या घरी आणि बिऱ्हाड हललंय. उपाय पत्ता वळवण्याचा. प्रिंटरच्या प्रॉपर्टीजमध्ये शेअरिंग चालू करून त्याला एका शब्दाचं, मध्ये जागा नसलेलं नाव द्यायचं. मग कमांड प्रॉम्प्टवर ‘नेट यूज एलपीटी१’ लिहून पुढे दोन उलट्या तिरक्या रेघा, संगणकाचं नाव, आणखी एक तशीच रेघ आणि शेअरचं नाव द्यायचं. शेवटी ‘पर्सिस्टंट यस’चा पर्याय जोडला की संगणक बंद करून सुरू केला तरी ही जोडणी टिकते. ही सोय विंडोजमध्येच आहे, त्यासाठी दमडी मोजावी लागत नाही.

‘ते करून बघितलं, चालत नाही,’ असं यावर उत्तर येतं. ते खोटं नसतं, पण अर्धवट असतं. संगणकाच्या बोर्डावर खरंखुरं एलपीटी१ असेल तर ते नाव आधीच अडकलेलं असतं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ते पोर्ट बंद करावं लागतं. कमांड अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून दिली आणि प्रोग्रॅम साध्या वापरकर्त्याच्या नावाने चालवला, तर ही जोडणी प्रोग्रॅमला दिसतच नाही. तिसरं कारण सगळ्यांत महत्त्वाचं, आणि या गैरसमजाचं मूळ बहुधा तिथेच आहे: स्वस्तातले पुष्कळसे लेझर आणि इंकजेट प्रिंटर स्वतः अक्षरं ओळखत नाहीत. पानाचं तयार चित्र विंडोजच्या ड्रायव्हरने करून द्यावं लागतं. अशा प्रिंटरकडे डॉसची कच्ची अक्षरं पोहोचली तरी कागद हलत नाही, किंवा कोरा बाहेर येतो. डॉट मॅट्रिक्सचं तसं नाही. क्रमांक १५ चा कोड आला की तो अक्षरं बारीक करतो, १८ चा आला की पूर्ववत, मग ते कोड यूएसबीने येवोत की जुन्या केबलने. खोट असते ती प्रिंटरच्या जातीत, आणि खापर फुटतं यूएसबीच्या डोक्यावर.

६४ बिट विंडोजचा आक्षेप मात्र रास्त आहे. तिथे १६ बिटचे डॉस प्रोग्रॅम सुरूच होत नाहीत, आणि विंडोज ११ तर ६४ बिटमध्येच येते. पण मग अडचण छपाईची उरत नाही, प्रोग्रॅम चालवण्याची होते. त्यासाठी व्हीडॉस किंवा डॉसबॉक्स-एक्स आहे. दोन्हींत एलपीटीवर आलेला मजकूर विंडोजच्या प्रिंटरकडे वळवता येतो. मूळचा डॉसबॉक्स खेळांसाठी बनवलेला, त्याच्याकडून छपाईची अपेक्षाच ठेवू नये. २००४ च्या अखेरीस आलेलं व्हिज्युअल फॉक्सप्रो ९ हे ३२ बिटचं असल्याने ६४ बिट विंडोजवर जसंच्या तसं चालतं. मायक्रोसॉफ्टने त्याचा सपोर्ट २०१५ मध्ये थांबवला हे खरं, पण सपोर्ट थांबला म्हणजे प्रोग्रॅम बंद पडला असं नव्हे. नवं सॉफ्टवेअर घ्यायला इतर चांगली कारणं असू शकतात. प्रिंट निघत नाही हे त्यांतलं नाही.

बाकीचे समज किरकोळ. ‘दर पानाला मजकूर वर सरकतो, म्हणजे कागद ओढणारा ट्रॅक्टर घसरतोय’: बहुतेक वेळा ट्रॅक्टर निर्दोष असतो. इंचाला सहा ओळी या हिशेबाने प्रोग्रॅम ६६ ओळींचं, म्हणजे ११ इंची पान धरतो आणि लावलेली स्टेशनरी असते १२ इंची, ७२ ओळींची. दर पानामागे बरोबर एक इंच फरक पडणारच. पानाची लांबी दुरुस्त केली की संपलं. ‘प्रोग्रॅममधून बाहेर पडल्याशिवाय प्रिंट येत नाही’: ३२ बिट विंडोज डॉसकडून आणखी मजकूर येईल म्हणून मुळात १५ सेकंद थांबते, आणि रजिस्ट्रीतल्या ‘एलपीटी टाइमआउट’ने ही मुदत कमी करता येते. ‘व्हिज्युअल फॉक्सप्रोचा रिपोर्ट जुनाच प्रिंटर मागतो, म्हणजे व्हायरस’: नाही हो! रिपोर्टची एफआरएक्स फाइल ही साधी टेबल असते आणि ती बनवताना जो प्रिंटर होता त्याची माहिती तिच्या पहिल्याच रेकॉर्डमध्ये जाऊन बसते. फाइलची प्रत ठेवून त्या रेकॉर्डमधले ‘टॅग’ आणि ‘टॅग२’ हे रकाने रिकामे करा, ‘एक्स्प्र’ रकान्यातल्या डिव्हाइस, ड्रायव्हर आणि आउटपुटच्या ओळी काढा. ‘डिफॉल्ट प्रिंटर आपोआप बदलतो’: हो, कारण विंडोज १० पासून डिफॉल्ट प्रिंटर विंडोजनेच ठरवावा अशी एक खूण सेटिंग्जमध्ये असते; ती काढून टाका.

तेव्हा नव्या सॉफ्टवेअरच्या कोटेशनवर सही करण्याआधी समोरच्याला एवढंच विचारा: हा प्रिंटर कच्चा मजकूर घेतो का, आणि एलपीटी१ कुठे वळवलंय? याचं उत्तर ज्याला देता येत नाही, त्याला सॉफ्टवेअर बदलायचा सल्ला देण्याचा अधिकार नाही.