'हंगर गेम्स' कोणत्या वयात? पुस्तक वेगळं, पिक्चर वेगळा

मागच्या पालकसभेत एका अम्मींनी सगळ्यांदेखत विचारलं, "मॅडम, माझी मुलगी सातवीत आहे. मैत्रिणीकडून 'हंगर गेम्स' नावाचं जाडजूड इंग्रजी पुस्तक आणलंय. त्यात म्हणे मुलंच मुलांना मारतात. वाचू द्यायचं की काढून घ्यायचं?" त्यांच्या मागे बसलेले एक वडील लगेच म्हणाले, "तुमची निदान वाचते तरी. आमच्या पाचवीतल्या पोराने पिक्चरच पाहिला, मोबाइलवर. आम्हाला कळलं तेव्हा शेवट चालू होता."

सगळे हसले. आम्हीही हसलो. पण वरवर एकच वाटणारे हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि त्यांची उत्तरंही वेगळी आहेत. सभेत पाच मिनिटांत ते सांगता आलं नाही, म्हणून इथे लिहितोय.

आधी गोष्ट काय आहे ते पाहू, कारण बऱ्याच वालिदैनना फक्त "मारामारीचं पुस्तक" एवढंच ऐकून माहीत असतं. सुझान कॉलिन्स या अमेरिकन लेखिकेचं हे पुस्तक 2008 मध्ये आलं. पुढचे दोन भाग 2009 आणि 2010 मध्ये आले. भविष्यातला पॅनेम नावाचा देश आहे. मध्यभागी श्रीमंत राजधानी, कॅपिटॉल, आणि भोवती तिला धान्य, कोळसा, मासळी पुरवणारे बारा गरीब जिल्हे. पूर्वी जिल्ह्यांनी बंड केलं होतं. त्याची सजा म्हणून दर वर्षी प्रत्येक जिल्ह्यातून 12 ते 18 वयाची एक मुलगी आणि एक मुलगा चिठ्ठी काढून निवडतात. ही 24 मुलं एका मैदानात सोडली जातात आणि एकच जिवंत उरेपर्यंत त्यांनी एकमेकांना मारायचं असतं. हे सगळं टीव्हीवर थेट दाखवलं जातं आणि पाहणं सक्तीचं असतं.

सोळा वर्षांची कॅटनिस आपल्या बारा वर्षांच्या बहिणीच्या जागी स्वतः जाते. गोष्टीची सुरुवात तिथे होते.

लेखिकेने मुलाखतींत सांगितलंय की एका रात्री ती टीव्हीचे चॅनेल बदलत होती. एका चॅनेलवर स्पर्धेचा रिअॅलिटी शो, दुसऱ्यावर इराक युद्धाची दृश्यं. दोन्ही डोळ्यांसमोर एकमेकांत मिसळली आणि कल्पना सुचली. तिचे वडील अमेरिकन हवाई दलात होते, व्हिएतनामच्या युद्धात गेले होते. म्हणजे ही गोष्ट मारामारीची मजा म्हणून लिहिलेली नाही. दुसऱ्याची मुलं मरताना आरामात बसून पाहणाऱ्या लोकांची ही गोष्ट आहे.

वयाचा प्रश्न आमच्या मते इथेच येतो. रक्त किती सांडलं यावरून आम्ही वय ठरवत नाही. मुलाला पाहणाऱ्यांची लाज वाटते, की ते स्वतःच पाहणाऱ्यांत जाऊन बसतं, हे पाहतो. पाचवीतल्या मुलाला विचारा, तो सांगेल कोण जिंकलं, कोणाकडे कोणतं हत्यार होतं, कोणाला कसं मारलं. तो खेळ पाहतो. त्यात त्याचा दोष नाही, त्या वयात गोष्ट अशीच दिसते. आठवीतली मुलगी मात्र अचानक विचारते, "पण मॅडम, ते लोक टाळ्या का वाजवत होते?" ज्या दिवशी मूल हा प्रश्न विचारतं, त्या दिवशी ते या पुस्तकाच्या वयाचं झालं असं समजा. बऱ्याच मुलांत हे बारा-तेराच्या आसपास होतं. काहींत उशिरा.

आपल्याकडेही वयाचा विचार टप्प्यांनीच झालेला आहे. फिक्हमध्ये तमीज वेगळी आणि बुलूग वेगळा. सात वर्षांच्या मुलाला नमाज शिकवतात, पण मोठ्यांच्या जबाबदाऱ्या त्याच्यावर टाकत नाहीत. समज हळूहळू येते हे आपल्या बुजुर्गांना ठाऊक होतं. मोबाइल हातात देताना आपणच ते विसरतो.

आता पुस्तक आणि पिक्चर. लोकांना वाटतं, पुस्तक सौम्य आणि पिक्चर भयंकर. इथे मामला थोडा उलटासुलटा आहे. पहिला पिक्चर 2012 मध्ये आला, गॅरी रॉस यांनी दिग्दर्शित केला. त्यात मैदानातल्या पहिल्या कत्तलीच्या वेळी कॅमेरा थरथरता ठेवलाय, आवाज जवळजवळ बंद केलाय, नीट काही दिसूच देत नाहीत. ब्रिटनमध्ये तर बारा वर्षांच्या मुलांना पाहता यावा म्हणून रक्त उडण्याची आणि जखमांची मिळून सात सेकंदांची दृश्यं काढली. पुस्तकात पहिल्याच दिवशी अकरा मुलं मरतात. शेवटी एक मुलगा जनावरांच्या तावडीत रात्रभर तडफडतो. पिक्चरमध्ये ते क्षणात संपतं. पुस्तकात पीटाचा पाय कापावा लागतो, पिक्चरमध्ये त्याचा पाय शाबूत आहे.

मग पुस्तक जास्त वाईट? नाही. पुस्तक कॅटनिसच्या तोंडून येतं. प्रत्येक मरण तिच्या भीतीतून, तिच्या भुकेतून, तिच्या पश्चात्तापातून आपल्यापर्यंत पोहोचतं. वाचणाऱ्या मुलाचा वेगही त्याच्याच हातात असतो. पान मिटता येतं. आणि ज्या मुलाला अजून ते झेपत नाही, ते बहुतेक वेळा तिसऱ्या-चौथ्या प्रकरणात कंटाळून पुस्तक ठेवून देतं. भाषाच चाळणीचं काम करते. पिक्चरला अशी चाळणी नाही. नऊ वर्षांचं मूलही तो अडीच तास डोळे न हलवता पाहील. पाचवीतल्या त्या मुलाचं तेच झालं.

पुस्तकातली एक गोष्ट आम्हाला शिक्षक म्हणून फार महत्त्वाची वाटते आणि ती पिक्चरमध्ये निसटती येते. गरीब घरातलं मूल जादा धान्य-तेल घेऊ शकतं, पण त्या बदल्यात चिठ्ठ्यांच्या भांड्यात त्याच्या नावाची आणखी एक चिठ्ठी पडते. कॅटनिसच्या नावाच्या वीस चिठ्ठ्या असतात, तिच्या मित्राच्या बेचाळीस. धाकट्या बहिणीची फक्त एक. म्हणायला सोडत सगळ्यांसाठी सारखी, पण भुकेलेल्याचं नाव जास्त वेळा. रेशनच्या रांगेत उभं राहिलेल्या घरातल्या मुलांना हे समजावून सांगावं लागत नाही.

दुसरी गोष्ट रूची. बारा वर्षांची ही छोटी मुलगी कॅटनिसची साथीदार होते आणि भाल्याने मारली जाते. कॅटनिस तिच्याभोवती फुलं ठेवते. पुस्तकात रूचा रंग गडद सावळा असल्याचं स्पष्ट लिहिलंय. तरी पिक्चरमध्ये कृष्णवर्णीय मुलीने ती भूमिका केली तेव्हा काही प्रेक्षकांनी ट्विटरवर तक्रारी केल्या, आता तिच्या मरणाचं तेवढं वाईट वाटत नाही असंही काहींनी लिहिलं. कोणाच्या मुलाबद्दल हळहळ वाटायची आणि कोणाच्या नाही, हा प्रश्न पुस्तकातून बाहेर येऊन प्रेक्षकांतच उभा राहिला. नववीच्या मुलांशी यावर बोलून पाहा, ती गप्प होतात. 2023 पासून गाझातली मुलं आपल्या घरातल्या मोबाइलवर दिसतायत. तुमच्या-आमच्या मुलांनी ती पाहिलेली आहेत, आपण दाखवली नसली तरी. कुठलीही प्रस्तावना नाही, शेजारी कोणी नाही, आणि पुढच्या सेकंदाला विनोदाचं रील. "हंगर गेम्स नको, त्यात हिंसा आहे" असं म्हणणाऱ्या पालकाने एकदा ते रील आठवावं.

मुलांना दुःखाच्या गोष्टी सांगूच नयेत असं आपलं कधीच म्हणणं नव्हतं. मुहर्रममध्ये करबलाचा वाकिया लहान मुलंही ऐकतात. तहान, सहा महिन्यांचे अली असगर, सगळं ऐकतात. पण ते कोणाच्या तरी मांडीवर बसून ऐकतात. सांगणाऱ्याचा आवाज भरून येतो, आजूबाजूची माणसं रडतात, त्यातून मुलाला कळतं की इथे काय वाटायला हवं. पिक्चरमध्ये ते सांगणारं माणूस नसतं. ते घरातल्या कोणीतरी व्हायचं असतं.

सगळे भाग एकाच वयाचे नाहीत हेही लक्षात घ्या. दुकानात चौघं एकाच डब्यात मिळतात म्हणून मूल एका सुट्टीत सगळे संपवतं. तिसरा भाग, 'मॉकिंगजे', खूप जड आहे. त्यात पीटाचा छळ करून त्याचं डोकं फिरवतात, मुलांच्या घोळक्यावर बॉम्ब पडतात, कॅटनिसला जगणं नकोसं होतं. एका देखण्या विजेत्याला राष्ट्राध्यक्ष पैशांसाठी लोकांकडे पाठवत असे, हेही तिथेच कळतं. त्याहून अवघड म्हणजे बंडखोरांची नेताही शेवटी तशीच निघते. मजलूमांच्या बाजूचा माणूसही जालिम होऊ शकतो, हे पचवायला पंधरा वर्षं तरी हवीत असं आम्हाला वाटतं. 2020 चं 'द बॅलड ऑफ साँगबर्ड्स अँड स्नेक्स' (पिक्चर 2023) तर खलनायकाच्या तरुणपणाची गोष्ट आहे. वाचता वाचता त्याची बाजू पटायला लागते आणि आपणच दचकतो. ते दहावीनंतर.

'स्क्विड गेम' या कोरियन मालिकेची याच्याशी तुलना मुलंच करतात. 2021 ची ही मालिका मुळात प्रौढांसाठी बनवलेली आहे. फक्त तिच्यातले खेळ लहान मुलांचे आहेत, आणि फसगत तिथेच होते. बेल्जियममधल्या एका शाळेत मुलं तो खेळ खेळून हरणाऱ्याला मारू लागली, तेव्हा शाळेला पालकांना इशारा द्यावा लागला. शाळकरी वयात ती नकोच. जपानी 'बॅटल रॉयल'सुद्धा नको. त्याच्या पिक्चरला जपानमध्येही पंधराखालच्यांना मनाई होती.

आपल्याकडे नियम आहेत, पण बरेच पालक ते वाचत नाहीत. ओटीटीवर 2021 च्या नियमांपासून यू/ए 7+, 13+, 16+ असे वेगळे शिक्के आहेत, आणि 13+ व त्यापुढच्या मजकुरासाठी पालकांचं लॉक देणं कंपन्यांवर बंधनकारक आहे. थिएटरच्या पिक्चरसाठीही 2023 च्या कायदादुरुस्तीने हेच तीन टप्पे आणले. लॉक सेटिंगमध्ये असतं, चार आकडी पिन टाकायचा. पिन म्हणून स्वतःचं जन्मवर्ष ठेवू नका, मुलांना ते पाठ असतं.

त्या अम्मींना आम्ही नंतर फोन करून सांगितलं: पुस्तक काढून घेऊ नका. पहिला भाग वाचू द्या, आणि तुम्हाला इंग्रजी जमत नसेल तर रोज रात्री जेवताना तिच्याकडून गोष्ट ऐका, आपल्या उर्दूत, आपल्या मराठीत. पिक्चर पुस्तक संपल्यावर, तुमच्या शेजारी बसून. तिसरा भाग अजून दोन-तीन वर्षांनी. त्या म्हणाल्या, "आणि धाकटा? तो चौथीत आहे, तिच्या मागे मागेच असतो." आम्ही म्हटलं, पिक्चर लावायचा तो इशानंतर, तो झोपला की नाही हे दोनदा पाहून.