जाळी फोर्डची, इंजिन विलीजचं

जुन्या जीपचा नाद लागला की माणूस कुणाच्याही गोठ्यामागे डोकावू लागतो आणि सरकारी अधिसूचनाही वाचू लागतो. डोकावण्यातून मला विदर्भातल्या करडी गावाकडची एक पिकअप सापडली. अधिसूचनेतून सापडला तो तिला दाराबाहेर ठेवणारा नियम.

आधी नियम. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने मोटार वाहन नियमांत नवी कलमं घालून ‘व्हिंटेज’ गाड्यांची वेगळी नोंदणी सुरू केली. वय ५० वर्षांहून जास्त, नव्या नोंदणीला २०,००० रुपये शुल्क, नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं आणि रोजच्या किंवा धंद्याच्या वापराला मनाई. इथवर ठीक. पण गाडी मूळ स्वरूपात जपलेली हवी. चासिस, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार नको. शिवाय या व्याख्येत दुचाकी आणि प्रवासी मोटारी एवढ्याच बसतात. शोरूमच्या झाकणाखाली निजलेली शेवरले पास होते, आयुष्यभर माल वाहिलेली पिकअप नापास.

करडीकडची गाडी तर दोन्हींकडून नापास. उंच बोनेटवरून ती सीजे-३बी हे लांबूनच कळतं. विलीज कंपनीने हरिकेन हे नवं, उंचीने वाढलेलं इंजिन मावावं म्हणून १९५३ मध्ये बोनेट वर उचललं, आणि महिंद्राने तोच साचा पुढे कित्येक वर्षं चालवला. या गाडीची मागची बाजू कापून तिथे जाड पत्र्याचा डाला बसवलाय, धानाचे कट्टे टाकायला. बोनेट उघडलं तर ज्या हरिकेनसाठी ते उंचावलं तेच आत नाही. आत मॅटाडोरचं डिझेल इंजिन आहे.

मालक आता ती पुन्हा उभी करतोय, आणि गंमत सगळी जोडांत आहे. या इंजिनाला जीपचा गिअरबॉक्स थेट लागत नाही. दोघांची भोकं जुळत नाहीत. म्हणून मधे लेथवर कातलेली जाड लोखंडी प्लेट. तिच्या जाडीएवढा गिअरबॉक्स मागे सरकला, म्हणून प्रोपेलर शाफ्ट कापून, आखूड करून पुन्हा वेल्ड केलेला. डिझेल इंजिन वजनाला भारी, म्हणून पुढच्या पाट्यांत एक जादा पान. एक बदल केला की पुढचे तीन करावेच लागतात, हे मिस्त्रीला पाठ असतं. पुस्तकं लिहिणाऱ्यांना ते उशिरा कळतं. आरसी बुकात मात्र अजून ‘पेट्रोल’च.

हे अस्सल नव्हे, असं शहरातले शौकीन नाक मुरडून म्हणतात. त्यांना विचारावंसं वाटतं, अस्सल जीप म्हणजे नेमकी कोणती?

१९४० च्या उन्हाळ्यात अमेरिकी लष्कराने हलक्या, चारही चाकांना ताकद देणाऱ्या गाडीसाठी निविदा काढली. पहिला नमुना द्यायला मुदत ४९ दिवस, वजनाची मर्यादा १,३०० पौंड, म्हणजे जेमतेम ५९० किलो. अशा गाडीला ते वजन अशक्य होतं, हे अभियंते जाणून होते. तरीही पेनसिल्व्हेनियातल्या बटलर गावची, दिवाळखोरीच्या काठावरची ‘अमेरिकन बँटम’ ही कंपनी पुढे सरसावली. तिच्याकडे अभियंते उरलेच नव्हते. डेट्रॉइटहून कार्ल प्रॉब्स्ट नावाचा अभियंता बोलावला. काम मिळालं तरच पैसे, या बोलीवर तो आला आणि दोन दिवसांत त्याने आराखडा काढला. निविदेत वजन मर्यादेच्या आत दाखवलं. ही सरळ थाप होती, आणि मला ती माफ करावीशी वाटते.

आता गाडी बांधायची कशाची? इंजिन कॉन्टिनेन्टल कंपनीचं. गिअरबॉक्स वॉर्नरचा. धुरे स्पायसरकडून, तेही स्टुडबेकरच्या मोटारीसाठी केलेले, फेरफार करून घेतलेले. पत्राकाम हॅरॉल्ड क्रिस्ट या कारखाना-व्यवस्थापकाच्या देखरेखीखाली हाताने ठोकलेलं. २३ सप्टेंबर १९४० रोजी प्रॉब्स्ट आणि क्रिस्ट यांनी ती गाडी स्वतः चालवत मेरिलँडच्या होलाबर्ड तळावर नेली. मुदत संध्याकाळी पाचची. ते साडेचारला फाटकात पोचले. जगातली पहिली जीप भंगारातली नव्हती, पण या दुकानातलं एक, त्या दुकानातलं एक अशीच जमवलेली होती. करडीच्या मिस्त्रीला ती पाहून अजिबात नवल वाटलं नसतं.

पुढे झालं ते बँटमला अन्यायाचं वाटलं, आणि मलाही वाटतं. एवढी छोटी कंपनी हजारो गाड्या पुरवू शकणार नाही म्हणून लष्कराने तिचे आराखडे विलीज आणि फोर्ड यांना दाखवले. विलीजचा मुख्य अभियंता बार्नी रूस याच्याकडे ६० अश्वशक्तीचं दमदार इंजिन होतं, पण ते जड. ते वाचवण्यासाठी त्याने बाकीच्या गाडीचं वजन उतरवलं: बोल्टांची जादा लांबी छाटली, रंगाचा एकच हात दिला. फोर्डने आपल्या प्रतीला एकाच पत्र्यातून दाबून काढलेली, उभ्या फटींची जाळी लावली. ती विलीजच्या जोडलेल्या पट्ट्यांपेक्षा हलकी आणि स्वस्त. १९४२ मध्ये विलीजनेही ती उचलली. म्हणजे आज जिच्यावरून जीप ओळखतात तो चेहरा फोर्डचा, काळीज विलीजचं आणि कल्पना बँटमची.

फोर्डला मात्र आपलं-परकं कळायला हवं होतं. त्यांनी बोल्टच्या डोक्यावरसुद्धा ‘एफ’ हे अक्षर उठवलं. सगळे भाग एकमेकांना लागायचे, त्यामुळे लष्करी वर्कशॉपांत हाताला येईल तो बसे. आज त्या ‘एफ’वाल्या बोल्टांच्या मागे शौकीन पैसा ओततात, आणि युद्धात जे कुणी पाळलं नाही ते सोवळं आता पाळतात.

युद्ध चालू असतानाच विलीजने ‘जीप आम्ही घडवली’ अशा जाहिराती केल्या. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनपुढे तक्रार गेली, आणि १९४८ मध्ये निकाल लागला: मूळ कल्पना बँटमची आणि लष्करातल्या काही अधिकाऱ्यांची, विलीजने असा दावा करू नये. पण १९५० मध्ये ‘जीप’ हे व्यापारचिन्ह मिळालं विलीजलाच. बँटमच्या जीप साऱ्या मिळून २,७०० च्या आसपास. पुढे तिच्या नशिबी या जीपांमागे जोडायचे ट्रेलर आले.

आपल्याकडे जीप आली ती याच रूसच्या ओळखीतून. के. सी. महिंद्रा अमेरिकेत त्याला भेटले होते, असं महिंद्रा कंपनीचा इतिहास सांगतो. चाळीसच्या दशकाच्या अखेरीस सुटे भाग बोटीने यायचे आणि मुंबईत माझगावला जुळायचे. विदर्भात दुसरा झरा जबलपूरचा. तिथल्या लष्करी कारखान्यांत निसानच्या परवान्यावर जोंगा ही जीपसारखी गाडी आणि एक टनी ट्रक बनत. सेवेतून निघालेल्या जोंगा लिलावात आल्या. जवळपास चार लिटरचं पेट्रोल इंजिन शेतकऱ्याला कसं परवडणार? जोंगा राहिली, इंजिन बदललं.

कायद्याला हे पसंत नाही. केरळमधून गेलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलं की निर्मात्याने ठरवलेल्या मूळ स्वरूपाशी न जुळणारा बदल मालकाला करता येणार नाही. रस्त्यावरच्या सुरक्षेसाठी ते बरोबरच आहे. फसलेला वेल्ड घाटात काय करतो ते मी पाहिलंय. माझं भांडण ‘व्हिंटेज’च्या व्याख्येशी आहे. ५० वर्षं चाललेल्या गाडीत ५० वर्षांच्या दुरुस्त्या असणारच, आणि त्या पुसल्या की खरा दस्तऐवजच पुसला जातो.

या सगळ्याचं टोक सांगली जिल्ह्यात, यशवंतराव चव्हाणांच्या देवराष्ट्रे गावी सापडतं. तिथल्या दत्तात्रय लोहार यांनी मुलाच्या हट्टाखातर भंगारातले भाग जमवून, सुमारे ६०,००० रुपयांत छोटी चारचाकी उभी केली. ती किक मारून सुरू होई, दुचाकीसारखी. डिसेंबर २०२१ मध्ये तिचा व्हिडिओ आनंद महिंद्रांनी पाहिला आणि कौतुक केलं. त्यात ‘ओळखीच्या’ पुढच्या जाळीचा खास उल्लेख होता. ही गाडी नियमांत बसत नाही, आज ना उद्या अडवली जाईल, असंही त्यांनी लिहिलं आणि बदल्यात बोलेरो देऊ केली. जानेवारी २०२२ मध्ये बोलेरो लोहारांच्या घरी आली. त्यांची गाडी महिंद्राच्या संग्रहात गेली.

याच महिंद्राला २०१८ मध्ये फियाट क्रायस्लरने अमेरिकेतल्या दुसऱ्या एका आयोगापुढे खेचलं होतं. जुन्या जीपवरून बेतलेली त्यांची रॉक्सर ही गाडी आपल्या जीपसारखी दिसते, अशी तक्रार. फियाट क्रायस्लरकडे ‘जीप’चा हक्क विलीजपासून हातोहात विकत आलेला. २०२० मध्ये निकाल महिंद्राच्या विरोधात गेला, रॉक्सरचं तोंड बदलावं लागलं, आणि बदललेल्या रूपाला त्याच वर्षाअखेर मोकळीक मिळाली. लोहारांच्या जाळीवरून कुणी दावा ठोकल्याचं मात्र ऐकिवात नाही.